गाडीची उचकी

मी घरी आलो आणि घराला ते कळलं नाही. कडुनिंबाखाली गाडी उभी करून मी किल्ली फिरवली, पलीकडच्या खोलीत कोणी दिव्याचं बटण दाबावं तसं टक् वाजलं, आणि झालं. गाडी आता बंद झाली की आधीच बंद होती, हे माझं मलाच समजेना. कोंबड्या बाजूला सरल्या नाहीत. कुत्र्याने कान हलवला नाही. आणि ओसरीवर खाटेवर बसलेली सरला, माझी बायको, हिने मानही वर केली नाही. ती शेंगा सोलत होती. म्हणजे शेंगा नव्हत्या, पण ती सोलत होती. टरफलं एका बाजूला, दाणे ओच्यात. मी समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा तिने पदर सारखा केला आणि परक्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "कोन गावना शेतस तुम्ही?"

"सारंगखेड्याचा."

"मंग तर आम्हनाच गावना!" ती खूश झाली. "बठा. त्या घर नहीत. गाडी ली गयात. येतीनच आते."

मी बसलो. माझ्याच ओसरीवर, माझ्याच बायकोशेजारी, माझीच वाट पाहत.

गावात मला गप्पाडा म्हणतात, तोंडावर म्हणतात, आणि मला त्याचं काही वाटत नाही. तापीच्या काठाला शेती बागायती आहे, केळी पाणी पितात, ऊस पाणी पितो, माणसाला गप्पा लागतात. या गाडीच्याच मी इतक्या गोष्टी सांगितल्यात की खरी कोणती ते आता मला आठवून काढावं लागतं. एकदा दोंडाईच्याच्या वाटेवर पेट्रोल संपलं तर टाकीत उसाचा रस ओतून घरापर्यंत आणली, मागून धूर निघाला तो गुळाच्या वासाचा, आणि टाकरखेड्याची पोरं वाटी घेऊन मागे धावली. ही गोष्ट तर शेजारच्या धुडकूने आपल्या नातवाच्या शाळेतही सांगितली, स्वतःच्या नावावर. पण सगळ्यात मोठी थाप मी सरलाला मारली होती, लग्नानंतर थोड्याच वर्षांनी, गाडी पहिल्यांदा अंगणात आणली तेव्हा. निळी, गोल डोळ्यांची, दोन हात फिरून आलेली गाडी. मी म्हणालो, यात्रेत घोडा देऊन घेतली. आमच्या गावची यात्रा घोड्यांची, दूरदूरचे व्यापारी येतात, त्यामुळे ते खपण्यासारखं होतं. म्हणालो, कच्छचा करणसिंग नावाचा व्यापारी, त्याने घोडा घेतला, गाडी दिली, आणि जाताना गाडीच्या कानात काहीतरी पुटपुटला, तेव्हापासून हिच्यात थोडा घोडा आहे. आमच्याकडे घोडा कधी नव्हताच. सरलाला ते माहीत होतं. ती या घरात राहत होती, घोडा असता तर लीद तिलाच भरावी लागली असती. पण त्या दसऱ्याला तिने गाडीला कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, आणि ताटात भिजवलेले हरभरे आणून बॉनेटवर ठेवले. तोंडावर हसू नाही, काही नाही. दर दसऱ्याला ठेवत आली. कोण कोणाला फसवत होतं, हे आम्ही एकमेकांना कधी विचारलं नाही. संसार म्हणतात तो बहुतेक यालाच.

गाडीचा आवाज तिने माझ्याआधी ओळखला. मला तो नुसता आवाज होता. पुलावरून उतरून मी गावाच्या अंगाला वळलो की गिअर बदलताना गाडी जराशी घोगरी व्हायची, आणि इकडे सरला तवा चुलीवर ठेवायची. मी हातपाय धुऊन ताटावर बसेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली. पुढे गॅस आला, तवा बदलला, पण हे बदललं नाही. रस्त्याने इतक्या गाड्या जायच्या, तशाच निळ्या, तशाच गोल डोळ्यांच्या. त्यांच्या आवाजावर तिने एकदाही तवा ठेवला नाही. मी एकदा तिला बनवायला दुसऱ्याची तसलीच गाडी घेऊन आलो तर घरात चूल थंड. म्हणाली, "हाई आपली नही. ह्या गाडीना नाकमा पानी शे."

आणि उचकी. गाडी बंद करून किल्ली काढली तरी इंजिन लगेच थांबायचं नाही. तापलेलं असलं की स्वतःच्याच मनाने दोन-चार, कधी आठ-दहा झटके द्यायचं, हुक्, हुक्, सगळी गाडी हलायची. मेकॅनिक त्याला काहीतरी म्हणायचा. सरला म्हणायची, उचकी लागली हिला, कोणीतरी हिची आठवण काढतंय. आणि पिठाचे हात तसेच घेऊन दारात यायची, आणि माणसाच्या उचकीला घेतात तशी एकेक नावं घ्यायची. "गंगामावशी?" हुक्. "रेवजीमामा?" हुक्. "मन्ही माय?" आणि गाडी थांबायची. मग तिचा चेहरा असा व्हायचा की जणू माहेराहून कोणी हाक मारली. आता सांगायला हरकत नाही, मी गिअर टाकून क्लच अलगद सोडला की इंजिन जागच्या जागी गप व्हायचं. ज्या नावावर हवं त्या नावावर. ती माहेरच्या आठवणीने कोमेजलेली असली की मी आईच्या नावापर्यंत थांबायचो. रेवजीमामाशी तिचं भांडण झालं तेव्हा मी मुद्दाम त्याच्या नावावर सोडला, आणि आठ दिवसांत ती त्याच्याकडे पापड घेऊन गेली. मात्र माझं नाव त्या यादीत कधी आलं नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही तिची गोष्ट फार कडक. रेशनच्या ऑफिसात साहेबाने विचारलं तर आमच्या लेकीला, भाविकाला, पुढे ढकलायची, "सांग ना तुन्हा बापनं नाव." नाव तर नाहीच, नावाचे तुकडेही नाहीत. मी रतिलाल, म्हणून लाल मिरची तांबडी, लाल यष्टी तांबडी, रताळ्याला उपासाचा कंद. लग्नात उखाणा घेतला होता म्हणतात, पण तो वाजंत्र्यांत बुडाला, मी ऐकलेला नाही. उचकी फारच लांबली तर शेवटी म्हणायची, "भाविकाना बाप? नही, त्या तर आतमाच बठेल शेतस, त्या काब्र याद करतीन!" आणि हसायची.

विसरायला लागली ती बेताबेताने, मोठ्या घरातली माणसं एकेक करून उठून जावीत तशी. आधी मीठ दोनदा. मग शहाद्याचा रस्ता. मग पुण्याहून परत आलेल्या भाविकाला तिने एका सकाळी विचारलं, "बाई, तुले कोनी धाडं?" पोर मोटारींच्या कंपनीत मोठी हुशार, तिने पाच मिनिटं न्हाणीघरात नळ सोडून ठेवला आणि बाहेर येऊन म्हणाली, "तुमच्या लेकीनेच पाठवलं." आपलंच रक्त, थाप मारायची वेळ आली की चुकत नाही. मग शेवटी मी गेलो. तोंडावरून गेलो. पण आवाजावरून राहिलो. हे मला अचानक कळलं, औषध घेऊन परत येत होतो तेव्हा. वळणावर गाडी घोगरी झाली, अंगणात आलो, किल्ली काढली, हुक् हुक् सुरू झालं, आणि सकाळपासून मला बुवा म्हणणारी माझी बायको दारात उभी, रिकाम्या हातांनी भाकरी थापत. "उनात का?" म्हणाली. आलात का? "कितला येळ! हातपाय धुई ल्या." मी धुतले. ताटावर बसलो. ताट नव्हतं, पण बसलो. थोडा वेळ मी तिचा नवरा होतो. मग ती हात पुसत माझ्याकडे बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून मी पाण्याचा ओघळ सुकावा तसा हळूहळू नाहीसा झालो.

तेव्हापासून मी येऊ लागलो. माणसं कामाला जातात, मी यायला जायचो. पुलापर्यंत जायचं, कठड्याशी जरा थांबायचं, खाली तापीचं अडवलेलं पाणी बघायचं आणि वळून यायचं. सकाळी यायचो, दुपारी यायचो, दिवेलागणीला यायचो. दर वेळी "उनात का?" दर वेळी तिच्या आवाजात तोच लटका राग, जणू मी वर्षानुवर्षं गेलेलो. भाविका विचारायची, आप्पा कुठे जाता सारखे? मी सांगायचो, पुलाखाली मगर आलीय, तिला बघायला. सांगायचो, यात्रेच्या मैदानात एक घोडा माझ्याशी बोलतो. खरं सांगितलं नाही. लाज वाटली असेल. म्हाताऱ्याने बायकोला भेटायला इतकं फिरावं, आणि बायको घरातच.

पण धूर. गाडी जुनी, ओसरीपासून हातभर अंतरावर थांबायची, आणि सरलाची छाती त्या हिवाळ्यात बिघडली. डॉक्टर म्हणाले, धूर नको, उदबत्तीसुद्धा नको. मी गाडी लांब उभी केली तर तिला उचकी ऐकू येईना, म्हणून पुन्हा जवळ आणली. एका दुपारी खोकता खोकता तिचे ओठ निळे झाले. भाविकाने तिला पाठीशी धरून बसवलं, पाणी पाजलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आप्पा, तुमचं येणं आईच्या छातीत जातंय."

तिला काय माहीत, ती किती खरं बोलली. ती धुराबद्दल बोलत होती.

"मग विकून टाकू," मी म्हणालो.

"विकायची कशाला? बॅटरीवर करू. घरीच करते मी. मान्यतेचं किट मिळतं, आरटीओचं मी बघते. धूर नाही, आवाज नाही. आईच्या खिडकीखाली उभी केली तरी चालेल." तिचा चेहरा असा उजळला होता, पुण्याहून परत आल्यावर पहिल्यांदाच. मी म्हणालो, कर. 

इंजिन काढलं तो दिवस मला चांगला आठवतो, आणि नकोसाही वाटतो. कडुनिंबाच्या फांदीवर भाविकाचा विश्वास नव्हता, म्हणून लोखंडी घोडी आणली, तिला चेनपुली लावली. नळ्या सुटल्या, तारा सुटल्या, धुराची नळी गंजलेल्या हाडासारखी खाली पडली. मग साखळी कडकड करत ताणली गेली आणि इंजिन वर आलं. मला वाटलं होतं केवढं असेल. एवढंसं. तेलाने काळं, हवेत हळूहळू फिरणारं. इतकी वर्षं मला घरी आणणारा आवाज एवढ्याशा लोखंडातून येत होता. सगळे ओसरीवर जमलेले, आणि धुडकू कुंपणाला टेकून.

"रतीभाऊ," तो म्हणाला, "तुन्ही पोरनी तर गाडी खस्सी करी टाकी!"

सगळे हसले, मीही हसलो, कारण घोड्याची थाप माझीच होती आणि विनोद तिच्यातूनच निघाला होता. सरला खिडकीत होती. ती हसली नाही. तिने विचारलं, "कोनी वारनं का?" कोणी गेलं का? भाविका म्हणाली, "नाही हो, दुरुस्ती चाललीय."

मग पुढचे काही आठवडे अंगण तिचं होतं. विजेची मोटार आली, भोपळ्याएवढी; गाडीचा जुना गिअरबॉक्स तसाच ठेवून ती त्याला जोडायची, तर मधली पट्टी शहाद्याच्या लेथवर दोनदा करून आणावी लागली. इंजिनाच्या जागी निम्म्या बॅटऱ्या, डिकीत निम्म्या, आणि त्यांना जोडणाऱ्या जाड नारंगी तारा, ज्यांना हात लावायचा नाही असं ती मला कुत्र्याला सांगावं तसं सांगायची. गोठ्यातून चार्जिंगची वायर आली. मी पाने देत बसायचो, पक्कड मागितली की पक्कड. पोर घामाने निथळलेली, कपाळाला ग्रीस, गुणगुणायची. आणि खाटेवर सरला शांत झोपलेली असायची. खोकला नाही. श्वासाचा आवाजसुद्धा येत नव्हता इतका सरळ चाललेला. मी तो श्वास बघायचो आणि गोठ्याच्या भिंतीशी दोन विटांवर ठेवलेलं, गोणपाट टाकलेलं इंजिन बघायचो. ते परत बसवता येतं का, हे मला विचारायचंच नव्हतं. येतच असणार.

तर अशी ती पहिली फेरी, जिच्यात मी घरी आलो आणि घराला कळलं नाही. गाडी सुरेख चालते. पुलाचा चढ तिला कळतच नाही. कुठल्याही गिअरमध्ये उभी केली तरी बंद पडत नाही. बंद पडायला काही चालूच नसतं. मी सवयीने क्लच दाबतो, पायाखाली काही घडत नाही. रस्त्यावरून जाताना केळीची पानं ऐकू येतात, पाखरं ऐकू येतात, आणि आपण मेल्यावर गावातून फिरत असलो तर असंच ऐकू येत असेल, असं मनात येतं. धुडकू म्हणतो, तू मागून येतोस तर कळत नाही, हाका मारत येत जा, नाहीतर घुबड समजून कोणी दगड मारेल.

भाविकाला शेवटी समजलं. मी सांगितलं नाही. तिने मला तिसऱ्यांदा अंगणात येताना पाहिलं, किल्ली काढून तसाच बसून राहताना, ओसरीकडे बघताना, आणि ओसरीवरून तिची आई एका बाईला सांगत होती, "त्या गाडी ली गयात, अजून उना नहीत." पोर जिन्यावर बसली. तिचा चेहरा मला बघवेना. "आप्पा, मला का नाही सांगितलं?" म्हणाली. मी म्हणालो, पुलाखाली मगर आलीय हे तरी तू कुठे खरं मानलंस?

मग ती हट्टाला पेटली. मोबाइलवर तसल्याच जुन्या गाडीचा आवाज शोधून काढला, स्पीकर आणला, बॉनेटखाली बसवला. मी वळणावरून घोगरा होत आलो, आवाज अगदी मोठा, शेजारचे बाहेर आले. सरलाने ऐकलं. मान कलती करून नीट ऐकलं. मग मला, म्हणजे त्या अनोळखी बुवाला, समजावून सांगावं तसं म्हणाली, "जाई ऱ्हायनं कोनीतरी. आपली नही." भाविकाने स्पीकर काढला. रात्री जेवली नाही. मी तिला म्हणालो, "तुझी आई रोज श्वास घेते ना? मग झालं. मला दिसतो तो." हे मात्र खरं होतं.

त्यानंतर दोन दिवसांनी, उन्हं कलायला आली तेव्हा, मी पुलावर जाऊन आलो. कशाला गेलो होतो ठाऊक नाही, पायांना सवय. गाडी नेहमीसारखी पाण्यावरून पान यावं तशी अंगणात आली. सरला खाटेवर, ओच्यात काही नाही, नुसते हात. भाविका वरच्या माडीत. काचा खाली होत्या. मी बसून राहिलो. आणि मग, म्हाताऱ्याला काय सुचेल, मी घशातून आवाज काढला. आधी हळू. यात्रेत मी घोड्यांचे, उंटांचे, फौजदाराचे आवाज काढलेले आहेत, पोरांना हसवून जमिनीवर लोळवलंय. पण हा कधी काढला नव्हता. हा तर इतकी वर्षं माझ्या पायांतून, पाठीतून जात होता. घर्र्र, मग वळणावरचं ते घोगरं होणं, मग गिअर. घसा खरवडला. ठसका आवरला. धुडकू बघत असेल तर बघो.

सरलाने मान वर केली.

"उनात वाटस," ती म्हणाली. कोणालाच नाही, स्वतःला. आणि तिचे हात उठले आणि हवेत भाकरी थापू लागले.

मी आवाज बंद केला आणि उचकी सुरू केली. हुक्.

ती हसली. उठली, खांबाला धरून ओसरीच्या कडेला आली. "लागनी तिले! कोन याद करी ऱ्हायनं? गंगामावशी?"

हुक्.

"रेवजीमामा?"

हुक्. तो जाऊन बारा वर्षं झाली होती. तिच्या तोंडात अजून हिंडत होता.

"मन्ही माय?"

इथे थांबायचं. नेहमी इथेच थांबायचो. तिचा चेहरा तसाच वर झालेला, वाट बघणारा. पण मला हाव सुटली. मला अजून थोडा वेळ तिचा नवरा राहायचं होतं. हुक्, मी केलं.

तिला नवल वाटलं. नावं शोधू लागली, ओच्यात हरवलेली सुई शोधावी तशी. "भाविका?" म्हणाली. माडीच्या खिडकीत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. वर्षभरात ते नाव तिने घेतलं नव्हतं. हुक्. आता ती म्हणणार, भाविकाना बाप. म्हणणार, त्या तर आतमाच बठेल शेतस. मी स्टिअरिंग घट्ट धरून त्या वाक्याची वाट बघत होतो, आणि त्यावर थांबायचं ठरवलं होतं.

सरला गाडीकडे बघत राहिली. मग शेजारच्या पोराला हाक मारावी इतक्या सहज, स्वच्छ, म्हणाली, "रतिलाल?"

किती गोड आवाज होता. तांबड्या मिरच्या, तांबड्या यष्ट्या, उपासाचे कंद, सगळं ओलांडून आलेलं माझं नाव. ते टाळण्यासारखं आता तिच्याकडे काही उरलं नव्हतं, म्हणून तिने घेतलं. बरोबर नावावर उचकी थांबते. मी तोंड घट्ट मिटलं. ओठ दातांखाली धरले. तरी छातीतून ती आली, मी न काढलेली, हुक्, आणि पुन्हा, सगळा मी हललो, माझ्याबरोबर गाडी जराशी हलली. पायाने क्लच दाबला, सोडला. काही उपयोग झाला नाही.

भाविका जिना उतरून तिच्यामागे येऊन उभी होती. सरलाने जरा वेळ ऐकलं, पदराला हात पुसले, आणि मागे वळून तिला सांगितलं,

"थांबस नही ना बाई. मंग रतिलाल नही. दुसरं कोनी याद करी ऱ्हायनं तिले."